संध्याकाळचे सहा दहा

मूल रडलं की खोलीतले सगळे मुलाकडे बघतात. सिस्टर घड्याळाकडे बघायच्या.

प्रसूतिगृहाच्या बाहेरच्या बाकावर तुम्ही कधी बसला असाल, तर तिथली माणसं तुम्हाला माहीत असतील. उगाच मोबाइल चाळणारा नवरा, पिशवीतल्या दुपट्यांच्या पुन्हा पुन्हा घड्या करणारी सासू, आणि "अजून वेळ आहे" असं सगळ्यांना सांगणारा कोणीतरी काका. आतून पहिलं रडणं ऐकू आलं की हे सगळे एकदम उभे राहतात. आमच्याकडे त्या रडण्यावर लगेच सिस्टरांचा आवाज यायचा. "दहा सत्तावीस." थोडं थांबून जरा चढ्या सुरात, "लिहिलंस?"

हा प्रश्न मला असायचा. मी काउंटरवरून ओरडून सांगायचो, "लिहिलं." त्यानंतरच मुलगा की मुलगी ते बाहेर कळायचं. आधी वेळ, मग बाकीचं.

ठाण्यात कोपरीला, स्टेशनच्या पूर्वेला, एका डॉक्टरबाईंचं लहानसं प्रसूतिगृह आहे. तिथे मी गेली वीस-बावीस वर्षं क्लार्क आहे. राहायला डोंबिवलीत, मानपाड्याच्या बाजूला. मी कामाला लागलो तेव्हा सिस्टर तिथे जुन्या झाल्या होत्या. खाडीकडच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांचं घर होतं. वडील मिठागरात कामाला होते. लग्न केलं नव्हतं. एरवी बोलणं आपल्यासारखंच, पण रागावल्या की घरची बोली बाहेर यायची. त्यातलं निम्मं मला कळायचं नाही आणि न कळलेलंच जास्त लागायचं.

छातीवर डाव्या बाजूला एक घड्याळ उलटं टाचलेलं असायचं. उलटं म्हणजे तुम्हा-आम्हाला उलटं. त्यांनी मान खाली घातली की त्यांना ते सुलटं दिसायचं. सकाळी घरी रेडिओच्या बातम्यांवर ते लावायचं आणि आल्या आल्या त्यावरून भिंतीवरचं घड्याळ लावायचं. माझ्या मनगटावरचंही तपासायच्या. "दोन मिनिटं मागे आहेस," असं म्हणायच्या, जणू घड्याळ नाही, मीच.

एवढी काटेकोर वेळ कशासाठी? तर पत्रिकेसाठी. वजन विसरतील, टाके किती पडले ते विसरतील, पण जन्मवेळ विसरणार नाहीत. पंचवीस वर्षांनी मुलीचं स्थळ बघताना लोक आमच्याकडे जुनी वेळ विचारायला येतात. गंमत अशी की सिस्टरांचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नव्हता. घरात वेदीवर मेणबत्ती, गळ्यात क्रूस. पण मिनिट इकडचं तिकडे होऊ द्यायच्या नाहीत.

एकदा एक आजोबा पंचांग घेऊन आले. नातू झाला होता, पण नक्षत्र बदलायच्या आठ मिनिटं आधी. मूळ नक्षत्रावर पडला. आजोबा शांतपणे म्हणाले, आठ मिनिटांनी कोणाचं काय बिघडतंय, तेवढी पुढे लिहा. मी पेन हातात घेऊन सिस्टरांकडे बघितलं. खरं सांगतो, मी लिहिलीही असती.

"आजोबा," सिस्टर म्हणाल्या, "पत्रिका तुमची, वेळ माझी."

आजोबा चिडले, डॉक्टरबाईंपर्यंत गेले, परत आले. जाताना मात्र त्यांनी सिस्टरांच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "शांत करून घेतो आम्ही." सिस्टर म्हणाल्या, "करा. पोराला शांत झोप लागू दे म्हणजे झालं."

त्यांची दुसरी सवय म्हणजे कॅलेंडर. प्रसूतीच्या खोलीत घड्याळाखाली खिळ्याला मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर टांगलेलं असायचं. त्या दिवशी जे मूल जन्मलं ते त्या चौकोनात. पण आईचं नाव नाही लिहायच्या, गाव लिहायच्या. "कोपरीची. मुलगा. ४.५०." "मानपाड्याची. मुलगी. ९.१२." ठाण्याच्या पुढच्या दिवा गावची बाई असली तर नुसतं "दिव्याची." मी एकदा विचारलं, नाव का नाही लिहीत? म्हणाल्या, आत आलेल्या बाईचं नाव तिलासुद्धा आठवत नसतं. कुठून आलीस विचारलं की ते मात्र बरोबर सांगते.

आणि जन्माच्या खाली आणखी एक ओळ. त्या दिवशी काय झालं ती. सकाळी रेडिओवर दिनविशेष लागायचा, तो ऐकून त्या यायच्या. आज अमुक शास्त्रज्ञाचा जन्म, तमुक युद्ध संपलं. "मोठ्यांचे वाढदिवस रेडिओ सांगतो," त्या म्हणायच्या, "ह्यांचे कोण सांगणार?" म्हणून घरी जाताना प्रत्येक आईला एक चिठ्ठी मिळायची. तारीख, वेळ, वजन, आणि खाली "आज" असं लिहून ती ओळ. तीही शास्त्रज्ञांची नाही, आमच्या रस्त्यावरची. "आज: पुलाखाली आंब्याचा टेंपो कलंडला. सगळ्यांच्या घरी रस." "आज: नळाला पहाटे पाणी आलंच नाही." "आज: डॉक्टरबाईंना नवा चष्मा." लोक हसायचे, पण चिठ्ठी फेकताना मी कोणाला बघितलं नाही.

आता ज्या महिन्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, त्याकडे येतो. दोन हजार वीस सालचा एप्रिल.

तुम्ही सगळे तेव्हा कुठेतरी होता. मी घरी होतो. सुरुवातीला गाड्या बंद होत्या, यायला साधनच नव्हतं, ते कारण खरं होतं. मग डॉक्टरबाईंनी खटपट करून माझा पास काढला. डोंबिवलीहून दवाखान्यांच्या माणसांसाठी बस सुटायची, त्या बसने या म्हणाल्या. आमच्याकडे दोन आया होत्या, त्यातली एक गावी अडकलेली. डॉक्टरबाई साठीच्या पुढच्या. सिस्टर त्यांच्याहून थोड्याच लहान, आणि त्या रोज खाडीकडून चालत येत होत्या.

मी घाबरलो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं लोक आता म्हणतात. घाबरण्याची मलाही लाज वाटत नाही. पुढे जे केलं त्याची वाटते.

आमच्या शेजारची बिल्डिंग सील झाली होती. मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलो आणि म्हटलं, आपलीही सील झाली असं पत्र दे. तो म्हणाला, "खोटं कसं लिहू रे?" मी म्हटलं, आज नाही तर उद्या होणारच आहे, तू फक्त दोन दिवस आधी लिहितोयस. त्याने लिहिलं, सोसायटीचा शिक्का मारला. मी त्याचा फोटो डॉक्टरबाईंना पाठवला. आमची बिल्डिंग पुढेही कधी सील झाली नाही. एक दिवसही नाही.

तो ईस्टरचा आदला दिवस होता, शनिवार. मला पक्कं आठवतं, कारण संध्याकाळी सिस्टरांचा फोन आला. त्यांच्या चर्चला कुलूप होतं. उद्याचा सण नाही, म्हणून ड्यूटीच घेतली म्हणाल्या. मग मला विचारलं, ताप नाही ना, वास येतो ना, भाजी कोण आणून देतं. मी सांगितलं, ठीक आहे सगळं. माझ्यासमोर त्या वेळी साबुदाण्याच्या खिचडीची बशी होती.

"बरं, ऐक," त्या म्हणाल्या. "आज मुलगी. दिव्याची. सहा दहा. लिहिलंस?"

मी म्हटलं, "लिहिलं."

पेन दुसऱ्या खोलीत होतं. उठलो नाही.

त्यानंतर रोज फोन. त्यांना वाटत होतं, घरात कोंडलेल्या माणसाला तेवढंच बरं वाटेल, आणि माझं रजिस्टरही मागे पडणार नाही. रोज त्या एखादा जन्म सांगायच्या आणि एखादी गोष्ट. एका मुलाच्या दिवशी सगळ्या कोपरीत भाजीवाल्याकडे फक्त दुधी होता, म्हणून चिठ्ठीत "आज: फक्त दुधी" असं लिहिलं. पुढे कळलं, त्या मुलाचं घरातलं नावच दुधी पडलं. एका दिवशी खाडीचं पाणी इतकं निवळलं होतं की पुलावरून मासे दिसले, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "मला नाही खरं वाटत," त्या म्हणाल्या, "पण मुलीला चांगलं वाटेल, म्हणून लिहिलं." अक्षय्य तृतीयेला पुन्हा एक मुलगी. सकाळी अकरा पंचवीस. तीही दिव्याचीच.

प्रत्येक फोनच्या शेवटी "लिहिलंस?" प्रत्येक वेळी माझं "लिहिलं." एकोणीस वेळा मी हे म्हणालो असेन. कागदावर एक अक्षर नव्हतं.

महिनाअखेरीला डॉक्टरबाईंचा निरोप आला. जन्माची नोंद एकवीस दिवसांत जायला हवी, काहींचे दिवस भरत आलेत, तुम्ही घरूनच फॉर्म भरून पाठवा. त्यांनी बायकांची नावं, मुलगा की मुलगी ते आणि पत्ते घाईघाईने फोनवरून पाठवले, ओळीने नाही, जसे हाताला लागले तसे. तारखा आणि वेळांसाठी सिस्टरांनी कॅलेंडरचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "तू लिहिलं आहेसच, तरी ताडून बघ."

गाव आणि मुलगा-मुलगी बघून मी नाव आणि चौकोन जुळवत गेलो. सगळी जुळली. दिव्याच्या तेवढ्या दोन राहिल्या. यादीत दिवा पत्त्याच्या दोन बायका, कॅलेंडरवर दोनदा "दिव्याची. मुलगी." कोणती शनिवारची आणि कोणती अक्षय्य तृतीयेची?

एक फोन केला असता तर कळलं असतं. पण फोन केला असता तर सिस्टरांना हेही कळलं असतं की मी काहीच लिहिलेलं नाही. मी पाच-दहा मिनिटं बसलो. मग जिचं नाव यादीत वर होतं तिला शनिवार दिला, दुसरीला अक्षय्य तृतीया. फॉर्म पाठवून दिले.

जूनमध्ये मी कामावर आलो. सिस्टरांनी दारातच मला आपादमस्तक बघितलं, म्हणाल्या, "बारीक झालास." माझं वजन वाढलं होतं. त्यांनी ईस्टरची उकडलेली अंडी माझ्यासाठी ठेवली होती आणि ती खराब झाली म्हणून टाकावी लागली, हे मला आयाने सांगितलं.

दिवाळीनंतर एक गृहस्थ आले. दिव्याहून. हातात नातीचा जन्माचा दाखला. डॉक्टरबाईंच्या टेबलावर तो ठेवून म्हणाले, "आमची मुलगी अक्षय्य तृतीयेची आहे, बाई. लक्ष्मी आली म्हणून गल्लीत साखर वाटलेली आम्ही. आणि ह्याच्यावर भलताच शनिवार?"

डॉक्टरबाईंनी मला आणि सिस्टरांना आत बोलावलं. कोणी लिहिलं, कशावरून लिहिलं, असं विचारलं. मी टेबलाच्या काचेखालच्या फोटोंकडे बघत उभा राहिलो. माझ्या बाजूला सिस्टर होत्या. त्या माझ्याकडे वळल्याचं मला कळलं. मी वर बघितलं नाही. त्या चार-पाच क्षणांत त्यांना सगळं समजलं असणार. एकोणीस "लिहिलं"चा हिशेब लागला असणार.

"माझं चुकलं," सिस्टर म्हणाल्या. "कॅलेंडरवर मी नावं लिहीत नाही. दोघींना दिव्याचीच लिहिलं. ह्याने तरी कसं ओळखावं?"

डॉक्टरबाईंना राग येणं साहजिक होतं. एवढी वर्षं झाली, तुम्हाला अनुभव आहे, आणि हे काय पोरखेळ, असं बरंच बोलल्या. त्या गृहस्थांसमोर बोलल्या. आणि शेवटी म्हणाल्या, ते कॅलेंडर आजच्या आज काढा, आता सगळं संगणकावर.

कॅलेंडर मीच काढलं. सिस्टर हात धूत होत्या, त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

मी बोलू शकलो असतो. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पुढच्या कुठल्याही दिवशी. सिस्टरांनी मला एका शब्दाने विचारलं नाही, टोमणा मारला नाही, नाताळात नेहमीसारखा तळलेल्या गोड कुलकुलांचा डबा आणला, त्यात माझा वाटा काढला. एकच गोष्ट बदलली. मूल रडायचं, आतून वेळ ऐकू यायची, "सात बेचाळीस," आणि मग काही नाही. "लिहिलंस?" हे त्यांनी मला पुन्हा कधीच विचारलं नाही. मी कान देऊन थांबायचो. मग आपणहून लिहायचो.

त्या गृहस्थांच्या नातीचा दाखला दुरुस्त झाला. पण एकीची तारीख चुकली म्हणजे दुसरीचीही चुकलेलीच. अक्षय्य तृतीया जिला मी दिली ती शनिवारची, सहा दहाची. डॉक्टरबाईंनी मला सांगितलं, त्यांना फोन करून बोलावून घ्या. मी एकदा लावला. बंद होता. मी सांगितलं, लागत नाही. ते खोटं नव्हतं. एकदाच लावला, हे सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी गुडघ्यांमुळे सिस्टरांनी काम सोडलं. मी नाताळात त्यांच्या घरी जायचो. खुर्चीत बसून त्या मला चहा करायला लावायच्या, दूध उतू गेलं की ओरडायच्या. रेडिओ उशाशी असायचा. आज कोणाचा जन्म ते मला सांगायच्या. आणि निघताना, मी चपला घालत असताना, दरवर्षी तोच प्रश्न.

"दुसरी दिव्याची आली का रे?"

"नाही अजून, सिस्टर. फोन लागत नाही."

"येईल. शाळेत घालायची वेळ आली की दाखला काढतातच. पण तोवर कशाला थांबायचं?" मग जरा थांबून, "एकदा शाळेत तारीख गेली की ती जन्मभराची. पोरीला आयुष्यभर दुसरीचा वाढदिवस लागेल."

मी म्हणायचो, बघतो.

गेल्या थंडीत सिस्टर गेल्या. झोपेत, सकाळी. भाचीने सांगितलं, उशाशी रेडिओ चालू होता. त्यांच्या घरी प्रार्थना होती त्या दिवशी मी गेलो. वस्तीतल्या कितीतरी बायका आलेल्या, त्यातल्या बऱ्याचजणी आमच्याकडे बाळंत झालेल्या. प्रार्थना संपल्यावर भाचीने मला बाजूला बोलावलं. "आत्याच्या बायबलमध्ये हे होतं. तुमचंच असेल."

घडी केलेलं कॅलेंडरचं पान. एप्रिल. बाकीची पानं कुठे गेली माहीत नाही, मी कॅलेंडर काढल्यावर हे एक त्यांनी बाजूला काढून ठेवलं असणार. एकोणीस नोंदी, निळ्या शाईत. प्रत्येकीच्या बाजूला पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण, म्हणजे हिचा कागद नीट झाला. अठरा खुणा मी मोजल्या. एका चौकोनात खूण नव्हती. शनिवार. "दिव्याची. मुलगी. ६.१०."

मूल सहा वर्षांचं होत आलं होतं. पहिलीचे प्रवेश तोंडावर होते.

दुरुस्तीला दवाखान्याचं पत्र लागतं, पत्रावर डॉक्टरांची सही लागते, आणि पत्रात चूक कशी झाली ते लिहावं लागतं. मी पत्र लिहून डॉक्टरबाईंपुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं, क्लार्कने माहिती न विचारता अंदाजाने नोंद केली. मग बिल्डिंगचं सांगितलं. पत्र, शिक्का, फोन, सगळं. 

डॉक्टरबाई आता पंचाहत्तरीकडे आल्या आहेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"इतकी वर्षं तुम्ही मला रोज गुड मॉर्निंग म्हणत होतात," त्या म्हणाल्या.

मी पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

"आणि मी त्यांना परक्या माणसासमोर बोलले." त्यांनी सही केली. पत्र परत देताना त्यांनी टेबलावरचं एप्रिलचं पान उचललं, बराच वेळ बघितलं. "हे कुठे ठेवणार आहात? आतला खिळा अजून तसाच आहे."

पान मी त्या खिळ्याला लावलं. त्या दिवशी नव्या नर्सने विचारलं, सर, हे जुनं कॅलेंडर का लावताय? मी सांगितलं, एक खूण करायची राहिली आहे.

पुढच्या रविवारी दिव्याला गेलो. केसपेपरवरचा पत्ता एका चाळवजा इमारतीचा होता, खाली पिंपांची रांग, टँकरची वाट बघणाऱ्या बायका. ते भाडेकरू केव्हाच गेले, असं एकीने सांगितलं. दुसरी म्हणाली, गेले कुठे, दोन गल्ल्या सोडून तर राहतात. तिने नवऱ्याचा नंबर दिला. तो लागला. सहा वर्षं जे होत नव्हतं त्याला पाऊण तास लागला.

नवरा कामावरून परस्पर कोपरीला येऊन सह्या करून गेला. घाईत होता. चुकीची तारीख त्याला माहीत होती. "कागदावर काय का असेना म्हटलं, साहेब. बालवाडीत तीच लागली. मिसेस मात्र रोज कटकट करते." नवा दाखला हातात आला तेव्हा मी त्याला फोन केला नाही, स्वतः घेऊन गेलो.

चौथा मजला. दार त्या बाईने उघडलं. मी कुठून आलो ते सांगितलं. दाखला दिला. तिने उभ्यानेच तारीख वाचली, पुन्हा वाचली, आणि मला आत बसायला सांगून कपाट उघडलं. एक प्लॅस्टिकची पिशवी, त्यात रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, आणि त्यामध्ये सिस्टरांची चिठ्ठी.

"ह्याच्यावर बरोबर होती ना तारीख," ती म्हणाली. "म्हणून आम्ही वाढदिवस ह्याच दिवशी करतो. केक कापायच्या आधी ही वाचायची, असं हिचं असतं. नाहीतर रडते." हिचं म्हणजे दारामागे उभ्या असलेल्या मुलीचं. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला.

चिठ्ठी माझ्या हातात दिली. निळी शाई. तारीख, सहा दहा, वजन. खाली त्या दिवशीची ओळ.

"आज: आमच्या क्लार्कची बिल्डिंग सील झाली. एकटाच अडकला आहे. देव त्याला नीट ठेवो."

सहा वर्षं ह्या घरात केक कापायच्या आधी हे वाचलं जात होतं. ज्या दिवशी ह्या मुलीचा जन्म झाला, त्या दिवशी जगात काय घडलं, तर हे.

बाईने माझ्याकडे बघितलं. "क्लार्क म्हणजे... तुम्हीच का?"

मी मान हलवली. मुलगी दारामागून पुढे आली. चिठ्ठीतलं माणूस घरात येऊन बसल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

"मग उघडली का तुमची बिल्डिंग?" तिने विचारलं.

हो म्हणून सुटता आलं असतं. मी म्हटलं, "ती बंद नव्हतीच, बाळा. मी खोटं सांगितलेलं."

"का?"

"भीती वाटत होती."

तिने विचार केला. "मला पण वाटते. शाळेच्या बाथरूमची." मग आईकडे वळून, "पण मी जाते."

"जाते कुठली," आई म्हणाली, "घरी येईपर्यंत धरून बसते." आणि मला म्हणाली, "चहा घ्या. साखर चालते ना?"

चहा झाला. तिने नवा दाखला आणि चिठ्ठी एकत्र पिशवीत घातली, कपाट लावलं. चिठ्ठीतली ती ओळ बदलून द्यावी का, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण ती सिस्टरांनी त्या दिवशी खरी मानून लिहिली होती. ती त्यांची होती, तशीच राहू दिली.

निघताना मुलगी जिन्यापर्यंत आली आणि आत पळाली. मी दुसऱ्या मजल्यावर थांबलो आणि मनगटाकडे बघितलं. त्या वेळी सहा दहा झाले असते तर ऐकायला बरं वाटलं असतं, आणि जुना मी असतो तर तेच लिहिलं असतं. पण पाच सत्तेचाळीस झाले होते. घड्याळ मी सकाळीच रेडिओवर लावलं होतं.

जिन्यात कोणी नव्हतं. मी वेळ मोठ्याने म्हटली. जरा थांबलो, त्या थांबायच्या तेवढा. मग म्हटलं, "लिहिलं."